पाण्यात न सोडलेली कॅसेट

आमच्या पंचवटीतल्या घरात जवळजवळ प्रत्येक वस्तू कोणाची ना कोणाची फार आवडती होती. आमची नव्हे, गेलेल्या माणसांची. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, रामकुंडावर क्रियाकर्म चालवणारे गुरुजी होते. तेराव्याला शय्यादान करायची रीत आहे. गेलेल्या माणसाला जे जे प्रिय होतं ते गुरुजींना द्यायचं, म्हणजे त्याला ते पुढच्या प्रवासात मिळतं. त्यामुळे आमच्याकडे सात छत्र्या होत्या, काठ्यांना एक कोपराच दिलेला होता, आणि मी ज्या सागवानी खाटेवर झोपायचो ती सिन्नरच्या एका शेठजींची होती. वस्तूंना आम्ही मालकांच्याच नावांनी ओळखायचो. "आज स्टेशनमास्तरांना गप्प बसव रे, डोकं दुखतंय," असं आई म्हणाली की मी ट्रान्झिस्टर बंद करायचो. शाळेत मी मामलेदारांची छत्री नेत असे. मित्र घरी आले की त्यांना हे चमत्कारिक वाटे, मला मात्र त्यात कधीच भीती वाटली नाही. उलट इतक्या माणसांच्या आवडीनिवडी घरात नांदत आहेत याची मला ऊबच वाटायची.

जेवणही तसंच. इतर मुलांच्या घरी खीर, वडे सणाला होत. आमच्याकडे आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी कोणाचं ना कोणाचं श्राद्ध असायचं, आणि सकाळी दहापासून घरभर उडदाचे वडे तळल्याचा वास, तांदळाच्या खिरीतली वेलची, अळूच्या भाजीचा आंबटपणा. खालच्या गल्लीतून भाजीबाजाराकडे जाणाऱ्या रिक्षांचे हॉर्न, काळारामाकडची घंटा, आणि ओसरीवर अण्णांचा संथ, जरा घोगरा आवाज, "नाव घ्या. मोठ्याने घ्या. मनातल्या मनात घेतलेलं पाण्यापर्यंत पोहोचत नाही." हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकत असेन. त्याचा अर्थ कळायला मला फार वर्षं लागली.

अण्णांचा आणखी एक नियम होता. यजमान काही वस्तू दान देत आणि काही वस्तू पाण्यात सोडायला देत. एखाद्या म्हातारीची जपमाळ, एखाद्याचा चष्मा. अण्णा म्हणायचे, "दान दिलेलं आपलं. पाण्यात सोडायला दिलेलं पाण्याचं. या दोन्हींच्या मध्ये काही नसतं." मी मात्र त्या मधल्या जागेतच शिरलो, आणि आज पंचावन्नाव्या वर्षी, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसल्यावरही, पुरता बाहेर आलेलो नाही. हे प्रकरण मी त्यासाठीच लिहितो आहे.

मी अकरावीत असताना मालेगावकडच्या एका कापडवाल्यांच्या मुलांनी वडिलांच्या तेराव्याला व्हीसीआर दान दिला. ते गृहस्थ शेवटची दोन वर्षं अंथरुणावर पडून पौराणिक मालिका बघत असत. त्या यंत्राबरोबर अकरा कॅसेटी आल्या आणि ते चालवायला शिकवण्यासाठी त्यांचा नातू आला. आम्ही सगळे, अण्णा धरून, त्याच्याभोवती बसलो. त्याने एक गोष्ट दाखवली. कॅसेटच्या पाठीला एका टोकाशी प्लास्टिकचा छोटा चौकोनी तुकडा असतो. तो मोडला की त्या कॅसेटवर चुकूनही दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. "आजोबांच्या सगळ्यांचे मोडलेत," तो म्हणाला. "आणि परत रेकॉर्ड करायचं झालं तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावायची, झालं." अण्णांनी कौतुकाने एका कॅसेटच्या खाचेवरून अंगठा फिरवला. तो अंगठा मी पुढे पुन्हा एकदा पाहणार होतो.

त्याच वर्षी पौषात चांदवडहून तात्या आले. कांद्याची शेती असलेला रुंद हाडाचा माणूस, डोक्यावर टोपी, पायांत जाड वहाणा. त्यांचा एकुलता मुलगा संदीप पुण्याला इंजिनिअरिंगला होता, मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. बापाने मुलाच्या अस्थी घेऊन येणं आम्हाला नवीन नव्हतं, पण अण्णांचा आवाज अशा दिवशी आणखी खाली जायचा. विधी झाला, अस्थी सोडल्या. वर येताना तात्यांनी पिशवीतून एक व्हिडिओ कॅसेट काढली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती, एका बाजूने कागद फाटून काळं प्लास्टिक दिसत होतं.

"गुरुजी, ही पन सोडायची. पोराचा जीव होता हिच्यात. सुट्टीत घरी आला की गावातून व्हीसीआर भाड्यानं आनायचा अन् दिवसभर ह्येच. मी लय वरडायचो त्याला. आता घरात ठेववत नाय."

"दान देता का?" अण्णांनी विचारलं. ते नेहमीच विचारत.

"नगं. कुनाच्या घरात वाजलेली मला सोसायची नाय. पान्यातच सोडा."

अण्णांना दुसरे यजमान थांबलेले होते. त्यांनी कॅसेट माझ्या हातात दिली. "जा, धारेत सोड. कडेला नको, अडकेल."

मी पायऱ्या उतरलो. धारेपर्यंत गेलोही. कागदाच्या फटीतून मला इंग्रजी अक्षरं आणि एका माणसाचा चेहरा दिसला, तोंड उघडं, डोळे मिटलेले, मागे माणसांचा समुद्र. त्या गायकाचं नाव मी कॉलेजात ऐकलेलं होतं. आमच्या वर्गातल्या, कॅनडा कॉर्नर भागातल्या सधन घरच्या मुलांच्या शर्टांवर तो असायचा, आणि त्यांच्या गप्पांत मला कधी शिरता यायचं नाही. मी कागद पाण्यात सोडला. कॅसेट शर्टाच्या आत, पोटाशी. वर आलो तेव्हा अण्णांनी माझ्याकडे पाहून भुवई उंचावली, मी मान डोलावली. ते तात्यांकडे वळून म्हणाले, "सोडली. गोदामाईने घेतली." तात्यांनी नदीला हात जोडले.

वर्षभर मी स्वतःला सांगत राहिलो की हेही एक प्रकारचं दानच झालं, कारण आवडती वस्तू शेवटी गुरुजींच्याच घरी आली. गुरुजींच्या मुलाला अशा पळवाटा सुचायला वेळ लागत नाही.

आता त्या कॅसेटवरच्या फिल्मबद्दल, म्हणजे त्या गायकाच्या मैफलीच्या फिल्मबद्दल. मी ती पहिल्यांदा पाहिली त्या दुपारी आई खाली पापड वाळत घालत होती आणि वरच्या खोलीचं दार मी आतून लावलं होतं. सुरुवातीला गाणं नाहीच. एक मोठं उघडं मैदान, पहाटेचं धुकं, आणि त्यात माणसं मंच बांधताहेत. दोर ओढताहेत, लोखंडी खांब खांद्यांवरून नेताहेत. मला रामकुंडावर सिंहस्थाच्या आधी बांबूचे कठडे घालणारी माणसं आठवली. मग माणसं येऊ लागतात, चालत, कडेवर मुलं घेऊन, आणि कॅमेरा हेलिकॉप्टरमधून वर वर जातो तरी माणसं संपत नाहीत. मग तो येतो. साधा चुरगळलेला पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मंचापासून गर्दीत घुसलेल्या एका लांब फळीवरून तो धावत टोकाला येतो, थांबतो आणि काहीच करत नाही. नुसता बघतो. एवढ्या माणसांसमोर काही न करता उभं राहायला काय छाती लागत असेल! आजही मला त्याच्या गाण्यापेक्षा ते उभं राहणं आधी आठवतं.

आणि तिसरं गाणं. त्याच्या मध्यावर माईक बंद पडतो. ओठ हलताहेत, आवाज नाही. मागून कोणी तरी दुसरा माईक घेऊन धावतं. तो हाताने त्याला थांबवतो, बंद माईक खाली सोडतो आणि तसाच गात राहतो. फक्त पुढच्या रांगांना ऐकू जात असेल. पुढच्या रांगा ते उचलतात, त्यांच्याकडून मागच्या, आणि बघता बघता गाणं मैदानाच्या पार टोकाला पोहोचतं. कॅमेरा टोकाला एका बाईवर जातो. तिला मंच दिसणंसुद्धा शक्य नाही, पण तिला शब्दन् शब्द येतो आहे. मी शेठजींच्या खाटेवर बसून रडलो. इंग्रजी मला निम्मंही कळत नव्हतं. पण एकाने नाव घ्यायचं आणि ते पाण्यापर्यंत पोहोचायचं, हे मला कळत होतं. तो माणूस अण्णांचंच काम करत होता, फक्त फार मोठ्या घाटावर.

त्या जागी चित्रावर एक पांढरी रेघ थरथरायची. कॅसेट एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा मागे घेतली की टेप तिथे झिजते. म्हणजे संदीपलाही तीच जागा आवडत होती. ज्याच्या अस्थींची पिशवी मी पाहिली होती, त्याच्याशी माझी ओळख झाली ती त्या रेघेमुळे. मीही तिथेच मागे घेऊ लागलो, रेघ जाड होत गेली.

इथवर सगळं ठीक होतं असं मी म्हणत नाही, पण इथवर मी फक्त चोर होतो.

फिल्म संपते. रिकामं मैदान, उडणारे कागद, मग पडद्यावर नुसत्या काळ्या-पांढऱ्या मुंग्या. एकदा मी कॅसेट बंद करायला विसरलो, आणि पाच-सात मिनिटांच्या मुंग्यांनंतर चित्र आलं. कुठल्या तरी हॉस्टेलचं गॅदरिंग. पताका, मागे निळा पडदा. गिटार गळ्यात अडकवलेला एक सडपातळ मुलगा, पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. विधीच्या वेळी पाटावर ठेवलेल्या फोटोतला. तो तेच तिसरं गाणं म्हणत होता. मी गारठलो. इतकी वर्षं गेलेल्या माणसांच्या वस्तू वापरल्या, पण त्यांच्यापैकी कोणी कधी तोंड वर करून माझ्याकडे पाहिलं नव्हतं. तो पाहत होता. म्हणजे कॅमेऱ्याकडे पाहत होता, पण मला वाटलं, माझी कॅसेट तुझ्याकडे कशी, असंच विचारतोय. ते मी तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा दाराशी उभं राहून, अर्धी मान वळवून. त्यानंतर मैदानावरची गर्दी पांगू लागली की मी घाईने यंत्र बंद करी. फिल्मचा आनंदच जाऊ लागला. आणि एका बुधवारी, दूरदर्शनवर सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम लागला असताना, मी खाचेवर चिकटपट्टी लावली, कॅसेट बरोबर त्या जागेवर आणली आणि बटण दाबलं. चुकून नाही. संदीप जिथे उभा होता तिथे एक नायिका झाडाभोवती फिरू लागली. मला हायसं वाटलं, हे मी लपवत नाही.

पुढच्या पौषात एका दुपारी कॉलेजातून आलो. ओसरीवर पानं मांडलेली होती, पण आमच्या घरी ती रोजचीच. अण्णा घाटावर गेले असतील असं समजून मी वर जाऊन फिल्म लावली, आवाज मोठा. तिसऱ्या गाण्याशी आलो तोच जिन्यावर पावलं वाजली. जड, सावकाश. दारात तात्या उभे होते. उजवा हात खरकटा, बोटांना खीर.

माझा हात बटणाकडे गेला.

"बंद नगं करू," तात्या म्हणाले.

ते खाटेच्या कडेवर बसले. खरकटा हात गुडघ्यावर उलटा ठेवून त्यांनी बघायला सुरुवात केली. मागोमाग अण्णा आले, त्यांच्यामागे पदराला हात पुसत आई. पडद्यावर माईक बंद पडला, पांढरी रेघ आली.

"हितंच," तात्या म्हणाले. "हितंच मागं-मागं घ्यायचा. मी खालून वरडायचो, आरं पुढं तरी जाऊ दे त्याला!" मग गर्दीने गाणं उचललं आणि तात्यांनी टोपी काढली. "आरं तिच्या! एवढी मान्सं? ह्यांच्या जेवनाची काय सोय असंल, गुरुजी?"

आई म्हणाली, "त्या बिचाऱ्याला घाम बघा किती आलाय. कोणी पंचा तरी द्यावा की नाही!"

तात्या हसले. वर्षानंतर आपल्या मुलाच्या श्राद्धाच्या दिवशी तो माणूस हसला, आणि आईही डोळे पुसत हसली. त्यांनी फिल्म शेवटपर्यंत पाहिली. मैदान रिकामं झालं, मुंग्या आल्या. मी उठलो.

"थांब जरा. चालू दे," तात्या म्हणाले. "दोस्त म्हनत व्हते त्याचे, शेवटी त्याचं सोताचं बी गानं हाय म्हनून. गॅदरिंगचं. म्हनूनच तर पान्यात सोडाया दिली. बघायची हिंमत नव्हती. आता आलोय तर बघतो."

मुंग्या चालल्या. तेवढा वेळ मी आयुष्यात पुन्हा कधी भोगला नाही. मग नायिका आली, झाड आलं, मध्येच साबणाची जाहिरात. तात्या टेप संपेपर्यंत बघत राहिले. "हे नव्हं," ते शेवटी म्हणाले. "दुसरी कॅसेट असंल. पोरांचं काय, कायबी सांगत्यात."

अण्णा पुढे झाले. त्यांनी कॅसेट बाहेर काढली, उलटी केली. अंगठा खाचेवर गेला आणि चिकटपट्टीवर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कॅसेट माझ्या हातात ठेवली, तात्यांसमोर वाकले आणि म्हणाले, "तात्या, गोदामाईने घेतली म्हणून मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. या घराकडून तुमचा अपराध झाला."

"गुरुजी, वाका कशाला? पान्यात गेली आसती तर आज हे बघाया मिळालं आसतं का?" तात्यांनी तो खरकटा हात जपून बाजूला ठेवत डाव्या हाताने माझी पाठ थोपटली. "ह्या पोरानं सांभाळली. देवानंच बुद्धी दिली त्याला."

शिक्षा झाली असती तर सोसता आली असती. पाठीवरच्या त्या हाताचं काय करायचं ते मला कळेना. अण्णांनी आपला अपराध कबूल केला होता, जो त्यांचा नव्हताच. माझा मी केला नाही. मी "नाही तात्या" एवढंही म्हणालो नाही.

मग दर वर्षी तेच. पौषातल्या त्या तिथीला तात्या सकाळी यायचे, कांद्याचं एक पोतं घेऊन. "ह्ये सांभाळनाऱ्यासाठी." श्राद्धाच्या स्वयंपाकघरात कांदा चालत नाही, त्यामुळे ते पोतं दिवसभर जिन्याखाली लपवलेलं असायचं आणि आई कुरकुरायची, "मेला एवढा कांद्याचा डोंगर ठेवू कुठे? गल्लीत सगळ्यांना वाटून झाले." पण वाटून झाल्यावर उरलेल्या कांद्यांची भजी करायची, आणि ती तात्यांच्या कांद्याची म्हणून सांगायची. विधी, जेवण झालं की सगळे वर. आई वाती वळत बसायची. फिल्म आता तिलाही पाठ झाली होती. दोर ओढणाऱ्या माणसांत एक टकला होता, तो दिसला की ती म्हणायची, "आले आमचे टकले." तात्यांना तो गायक उभा राहतो ती जागा माझ्याइतकीच आवडायची. "बघा, कसा हुबा हाय. बैल नांगराला जुंपायच्या आधी असा हुबा ऱ्हातो. त्याला ठाव असतं आपल्याला काय करायचंय." शेठजींच्या खाटेवर बसून चांदवडच्या शेतकऱ्याने आणि पंचवटीच्या गुरुजींनी एका परदेशी गायकाची जशी स्तुती केलेली मी ऐकली आहे, तशी नंतर कुठल्या जाणकाराकडूनही ऐकली नाही. आणि दर वर्षी शेवटी मुंग्या आल्या की तात्या म्हणायचे, "चालू दे थोडं." त्यांना माहीत होतं तिथे काय आहे. तरी दर वर्षी नायिकेपर्यंत थांबायचे आणि मगच टोपी घालायचे.

अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. तिथीच्या आदल्या दिवशी फक्त म्हणायचे, "उद्या तात्या येणार." एवढंच, आणि मग जरा थांबायचे. त्या थांबण्यात माझी जागा रिकामी ठेवलेली असायची. मी तिच्यात बसलो नाही. तीन वर्षं.

चौथ्या वर्षी मी बी.कॉम.ची परीक्षा देऊन बसलो होतो, बँकांचे अर्ज भरत होतो. विधी मला येत होते, अण्णांनी ते लहानपणीच पाठ करून घेतले होते, पण यजमानांसमोर मी कधी बसलो नव्हतो. त्या सकाळी घाटावर पोहोचल्यावर अण्णांनी आपला पाट माझ्याकडे सरकवला.

"आज तू सांग."

"मी? तात्यांचं?"

"माझा घसा बसलाय."

घसा बसलेला नव्हता. पलीकडच्या फुलवाल्याशी ते खणखणीत बोलले होते. मी बसलो. समोर तात्या, उजव्या तळहातावर पाणी, तीळ, दर्भ. थंडीने पाण्यावर वाफ होती. मी संकल्प सांगू लागलो, ते मागोमाग म्हणू लागले. गोत्र झालं. नावाशी आलो. तात्या नेहमीसारखे पुटपुटले.

"मोठ्याने घ्या," मी म्हणालो. सवयीने, अण्णांच्याच सुरात. "मनातल्या मनात घेतलेलं पाण्यापर्यंत पोहोचत नाही."

"संदीप," तात्या मोठ्याने म्हणाले.

आणि मला पुढचं येईना. पाठ असलेलं सगळं गेलं. तात्या तळहातावर पाणी घेऊन थांबले होते, थेंब थेंब गळत होतं. मी अण्णांकडे पाहिलं. ते उठून चार पायऱ्या वर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले.

"तात्या," मी म्हणालो, "कॅसेटवर त्याचं गाणं होतं. मी पुसलं. चुकून नाही. मला भीती वाटली म्हणून मुद्दाम पुसलं."

तात्यांनी हात हलवला नाही. पाणी सगळं गळून गेलं, तळहातावर तीळ चिकटून राहिले. ते त्या तिळांकडे बघत बसले. मला वाटलं आता उठतील, आता हात उचलतील. एक भटकी गाय पायरीवरच्या फुलांत तोंड घालून गेली, तिला कोणी हाकललं नाही.

"म्हंजे तू बघितलंस," तात्या म्हणाले.

"हो."

"पुसायच्या आदी."

"हो. तीनदा."

"मग सांग."

मला कळलं नाही. त्यांनी मान वर केली. डोळ्यांत राग होता, खूप राग, पण त्याच्याही पुढे दुसरं काही तरी होतं. तहान म्हणावी असं. "सांग ना. तूच बघितलंस. मी नाय बघितलं. घातलं काय व्हतं त्यानं?"

मी सांगू लागलो. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, त्या गायकासारख्याच. मागे निळा पडदा. गिटारचा पट्टा लांब झालेला, म्हणून डावा खांदा वर उचलून धरलेला. तात्या म्हणाले, "खांदा वर धरायचाच तो. दप्तरामुळं लागलेली खोड." केस पुढे येत होते, ते तो फुंकरीने उडवत होता. तिसरं गाणं, तेच. त्याच जागी आला, आणि त्याने चांगला चाललेला माईक मुद्दाम खाली सोडला. त्या गायकासारखा. समोरच्या मुलांनी गाणं उचलावं म्हणून थांबला, हात पसरून.

"मग?" तात्या पुढे वाकले. "म्हटलं का पोरांनी?"

मी नदीकडे पाहिलं. "म्हटलं," मी म्हणालो. "सगळ्यांनी म्हटलं. पार मागच्या खुर्च्यांपर्यंत."

"म्हननारच," तात्या म्हणाले. "लय दोस्त व्हते त्याला." मग त्यांनी विचारलं, "अन् तो काय करत व्हता तवा?"

"हसत होता."

त्यांनी तांब्यातलं पाणी नव्याने तळहातावर घेतलं. "हं. घे पुढं," ते म्हणाले, आणि मला पुढचं सगळं आठवलं. विधी पुरा झाला. त्या दिवशी ते वर फिल्म बघायला आले नाहीत, जेवून लगेच निघाले. पुढच्या वर्षी आले, कांदे घेऊन आले, पण पोतं आईकडे देताना "सांभाळनाऱ्यासाठी" म्हणाले नाहीत. फिल्म पाहिली, आणि मैदान रिकामं झालं तेव्हा स्वतःच म्हणाले, "बास, बंद कर आता." त्यानंतर त्यांनी मुंग्या कधी पाहिल्या नाहीत. मी एकदा विचारलं, कॅसेट आता तरी पाण्यात सोडू का. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पान्याला काय कळतंय त्यातलं?"

तात्या जाऊन बारा वर्षं झाली, अण्णा त्यांच्या आधीच गेले. कॅसेट कपाटात आहे, टेपला बुरशी धरली आहे. परवा माझ्या मुलीने तीच फिल्म मोबाईलवर दाखवली. जुन्या रिळांवरून कोणी तरी स्वच्छ करून काढली आहे. गवताचं पातं न् पातं दिसतं, आईचा टकलाही स्पष्ट दिसला. तिसरं गाणं आलं, माईक बंद पडला, आणि मी पांढऱ्या रेघेची वाट बघत राहिलो. रेघ आली नाही. ती त्या फिल्ममध्ये नव्हतीच कधी. ती फक्त संदीपची होती, आणि नंतर थोडी माझी.

म्हणून एक गोष्ट दुरुस्त करून ठेवतो. आता ऐकून दुखावेल असं कोणी उरलं नाही. त्या गॅदरिंगमध्ये त्याने माईक खाली सोडला तेव्हा गाणं कोणी उचललं नाही. पुढच्या रांगेतून तीन-चार आवाज आले, तेही बेसूर, आणि मागून कोणी तरी ओरडलं, "अबे संद्या, माईक वर घे, ऐकू येत नाय!" सगळं हॉस्टेल हसलं. आणि तो हसला. हात तसेच पसरलेले, केस डोळ्यांवर, खांदा वर धरलेला, तो इतका मोकळा हसला की पुढची ओळ त्याला म्हणताच आली नाही. घाटावर तात्यांना मी एवढं मात्र खरं सांगितलं होतं.